आबांना आणखी एक डॉक्टर कशाला?

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. मोठं आहे, म्हणून मुख्य भाग तेवढा देते.

"आमचे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, वय ६३. बारा वर्षांपासून शुगर आहे. संक्रांतीच्या आधीपासून रोज संध्याकाळी अंग तापतं, रात्री घामानं बनियन भिजतं आणि कंबर धरली आहे. गावातल्या डॉक्टरांनी पाच दिवस इंजेक्शनं दिली. बरं वाटलं, पुन्हा ताप. मग तालुक्याला ॲडमिट केलं. लघवीत जंतू निघाले म्हणून दहा दिवस मेरोपेनेम हे भारी अँटिबायोटिक दिलं. ताप उतरला, कंबर तशीच. शेवटी सांगलीत हाडाच्या डॉक्टरांनी एमआरआय काढला. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यात आणि मधल्या चकतीत इन्फेक्शन आहे म्हणाले. ओळखीचे एक डॉक्टर म्हणाले, हा टीबीच, उद्यापासून कोर्स सुरू करा. हाडाचे डॉक्टर म्हणाले, थांबा, आधी इन्फेक्शनच्या स्पेशालिस्टना दाखवा. त्या मॅडमनी फाइल बघितली आणि औषध द्यायचं सोडून होती ती अँटिबायोटिक्सही बंद केली. रक्त दोन्ही हातांतून काढून तपासायला पाठवलं आणि मणक्यात सुई घालून तुकडा काढायला सांगितला. आता ताप पुन्हा येतोय. आमचे मामा म्हणतात, ही बाई नुसत्या तपासण्या करते, आबांना सरळ मुंबईला न्या. सुईनं पाय लुळे पडले तर? जाऊबाई म्हणतात, इन्फेक्शन आहे तर आबांचं ताट-तांब्या वेगळं ठेवा, लेकरांना जवळ जाऊ देऊ नका. आबा दिवाळीपर्यंत इतके तगडे होते, की गाय सातव्या महिन्यात गाभडली तेव्हा गुरांच्या डॉक्टरांची वाट न बघता अडकलेली वार त्यांनी स्वतः हातानं काढली. आज त्यांना संडासला धरून न्यावं लागतं. हा स्पेशालिस्ट नक्की करतो काय? आणि आम्ही करायचं काय?"

ताई, तुम्हाला उत्तराची घाई आहे, म्हणून आधी स्पष्टच सांगते. सुई करून घ्या. तिचे रिपोर्ट येईपर्यंत आणि मॅडम सांगत नाहीत तोवर टीबीचा कोर्स सुरू करू नका. आणि या टप्प्यावर त्या मॅडमना सोडून दुसरीकडे जाऊ नका. मी फिजिशियन आहे, संसर्गरोगतज्ज्ञ नाही. आबांना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांचाच. पण असे रुग्ण मी या तज्ज्ञांकडे पाठवत आले आहे आणि तुमच्या पत्रावरून तरी त्या मॅडम अगदी योग्य वाटेनं चालल्या आहेत.

तुम्हाला सगळ्यात जास्त खटकलंय ते औषध बंद करणं. ताप असलेल्या माणसाचं औषध काढून घेतलं की घरच्यांना वाटतं, आपल्या माणसाला वाऱ्यावर सोडलं. कारण समजून घ्या. मणक्यातून काढलेल्या तुकड्यात जंतू जिवंत असतील तरच ते लॅबमध्ये वाढतात आणि वाढले तरच त्यांची ओळख पटते. अंगात मेरोपेनेमसारखं औषध असताना तुकडा काढला, तर जंतू अर्धमेले असतात. रिपोर्ट येतो 'वाढ नाही'. इन्फेक्शन मात्र आत तसंच असतं. म्हणून माणूस स्थिर असेल, बीपी नीट असेल, पायांत ताकद असेल, तर एक-दोन आठवडे अँटिबायोटिक थांबवून मग सुई करायची, ही मणक्याच्या इन्फेक्शनमधली मान्य पद्धत आहे. आबांचा ताप परत आला म्हणजे मॅडमचं चुकलं असा अर्थ नाही. मूळ जागेला औषध लागलेलंच नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. ताप किती आणि कधी येतो ते मात्र रोज लिहून ठेवा आणि त्यांना कळवत राहा.

आपल्याकडे औषधांची एक शिडी लोकांच्या मनात पक्की बसली आहे. हलकं औषध, मग भारी औषध, मग सगळ्यात भारी. ताप उतरला नाही की एक पायरी वर चढायचं. संसर्गरोगतज्ज्ञ असा विचारच करत नाहीत. ते विचारतात: जंतू कोणता, तो शरीरात कुठे ठाण मांडून बसलाय, त्या जागी कोणतं औषध पोचतं आणि किती दिवस द्यावं लागेल? तुमच्याकडे ऊस पिवळा पडला तर जाणता शेतकरी फवारणीचा पंप उचलत नाही. आधी एक बेट उपटून मुळाशी हुमणी आहे का बघतो. आबांच्या बाबतीत आजवर दोनदा फवारणी झाली, मुळाशी कुणी बघितलंच नव्हतं.

एक उदाहरण देते. शुगरवाल्या माणसाच्या पायाला भेग पडते, गळू होतं, तिथून स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू रक्तात शिरतो आणि मणक्यात जाऊन बसतो. हे बरेचदा घडतं. हा जंतू साध्या औषधांना दाद देणाऱ्या जातीचा निघाला, तर त्यावर सेफाझोलिन हे जुनं आणि तुलनेनं स्वस्त औषध व्हॅन्कोमायसिनपेक्षा सरस ठरतं. म्हणजे शिडीवर खाली समजलं जाणारं औषध इथे वरच्याला मागे टाकतं. हा जंतू रक्तात सापडला की तज्ज्ञ रक्त पुन्हा-पुन्हा तपासतात, ते स्वच्छ होईपर्यंत. हृदयाच्या झडपेवर जंतू बसलेत का हे बघायला इको करायला लावतात. मणक्यासाठी सहा आठवडे औषध देतात. अशा रुग्णांना संसर्गरोगतज्ज्ञांनी पाहिलं तर मृत्यूचं प्रमाण कमी राहतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा-पुन्हा दिसलं आहे. त्यांच्याकडे गुप्त औषध असतं म्हणून हे होत नाही. ही सगळी कामं ते एकही न गाळता करतात, म्हणून होतं.

लघवीतल्या जंतूंचंही सांगते. आबांना जळजळ होती का, लघवी अडत होती का, याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. उतारवयात आणि शुगरमध्ये लघवीत जंतू सापडणं अगदी सर्रास असतं. त्रास नसेल तर बहुतेक वेळा त्यावर उपचारच लागत नाहीत. रिपोर्टमध्ये जंतूचं नाव छापून आलं की तोच गुन्हेगार असं सगळ्यांना वाटतं. हा जंतू आजार करतोय की नुसता मुक्कामाला आहे, हे ठरवणं या तज्ज्ञांच्या कामाचा फार मोठा भाग आहे. त्यांनी बंद केलेल्या औषधांचा हिशेब ठेवला, तर तो सुरू केलेल्या औषधांइतकाच मोठा निघेल.

आता तुमच्या पत्रातल्या त्या एका वाक्याकडे येते, जे तुम्ही आबांच्या ताकदीचं कौतुक म्हणून लिहिलंय. गाय सातव्या महिन्यात गाभडली आणि आबांनी उघड्या हातानं वार काढली. ताई, हे त्या मॅडमना सांगितलंय का? सांगितलं नसेल तर आज फोन करून सांगा.

गाय-म्हैस शेवटच्या महिन्यांत गाभडते त्यामागे ब्रुसेलोसिस हा एक मोठा रोग आहे. ब्रुसेला हा त्याचा जंतू वारेत, गाभडलेल्या गर्भात आणि त्या वेळच्या स्रावात प्रचंड प्रमाणात असतो. हाताला बारीकशी चीर असली तरी तिथून तो माणसात शिरतो. डोळ्यांत शिंतोडा गेला तरी शिरतो आणि न तापवलेल्या दुधातूनही जातो. लक्षणं साधारण दोन-चार आठवड्यांत दिसतात, कधी काही महिने लागतात. संध्याकाळचा ताप, अंग भिजवणारा घाम, सांधेदुखी, आणि कंबर. कमरेचे मणके ही या जंतूची आवडती जागा. त्याचा ताप आपोआप चढतो आणि आपोआप उतरतो, त्यामुळे मधल्या काळात दिलेल्या कुठल्याही औषधाला फुकटचं श्रेय मिळतं.

आबांना हेच झालंय असं मी म्हणत नाही. आपल्या देशात मणक्याच्या इन्फेक्शनमागे टीबी फार मोठ्या प्रमाणात सापडतो, तो इथेही असू शकतो. पण आता तीन संशयित समोर आहेत: टीबी, ब्रुसेला आणि पायाच्या भेगेतून शिरलेला साधा जंतू. तिघांची औषधं वेगळी, मुदत वेगळी. मणक्याच्या टीबीला साधारण वर्षभर औषध, ब्रुसेलाला या जागी निदान तीन महिने, स्टॅफिलोकॉकसला सहा आठवडे.

आणि इथेच तो उद्यापासून कोर्स सुरू करण्याचा सल्ला घातक ठरू शकतो. टीबीच्या कोर्समधलं रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही चालतं. म्हणजे आबांना ब्रुसेलोसिस असेल आणि टीबीचा कोर्स दिला, तर दोन-तीन आठवड्यांत थोडं बरं वाटेल. सगळे म्हणतील, बघा, टीबीच होता. पण ब्रुसेलावर एकट्या रिफाम्पिसिनचा उपचार अपुरा पडतो. आजार दबून राहतो आणि पुन्हा उसळतो. उलटंही होतं. साध्या तापासाठी म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन दिलं जातं, ते टीबीला अर्धवट लागतं आणि टीबीचं निदान लांबतं. बरं वाटलं म्हणजे निदान बरोबर होतं, हा हिशेब संसर्गाच्या आजारांत नेहमी जुळत नाही.

हे तज्ज्ञ पहिल्या भेटीत इतके प्रश्न का विचारतात, ते आता तुमच्या लक्षात येईल. काही नातेवाईक वैतागतात, की कंबर दुखतेय आणि ह्या गुरांचं काय विचारताहेत. पण आपल्या भागात तापाचं उत्तर पुष्कळदा माणसाच्या कामात आणि त्याच्या पायाखालच्या मातीत असतं. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा ताप घेऊन आलेल्या प्रत्येकाला आम्ही विचारायचो, पुराच्या पाण्यातून किती चाललात, पायाला जखम होती का. कारण डोळ्यांसमोर लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे शिरणाऱ्या जंतूचा ताप, असायचा. गवतात, झुडपांत काम करणाऱ्याचा ताप असेल तर काखेत, जांघेत, कमरेच्या गोफाखाली काळी खपली शोधायची. स्क्रब टायफसचा किडा चावल्याची ती खूण असते, दुखत नाही म्हणून रुग्णाला स्वतःला माहीत नसते. आणि साताऱ्याच्या पश्चिमेला पाटण-जावळीकडे भातशेतीच्या चिखलात काम करणारा शुगरवाला माणूस ताप, छातीत डाग, यकृतात पू घेऊन आला, तर मेलिओइडोसिस, म्हणजे माती-पाण्यातल्या एका जंतूचा आजार, विसरून चालत नाही. त्याला बरेचदा टीबी समजलं जातं आणि लॅबमध्ये त्याचा जंतू स्यूडोमोनास या दुसऱ्याच जंतूच्या नावानं छापला जातो. त्यावर आधी शिरेतून निदान दहा-चौदा दिवस आणि मग गोळ्यांनी किमान तीन महिने औषध द्यावं लागतं. मशीननं दिलेलं नाव आणि समोरचा माणूस यांचा मेळ बसत नाही, हे ओळखून लॅबला फोन करणारा कुणीतरी लागतो. तो फोन हे तज्ज्ञ करतात. आबांच्या बाबतीतही लॅबला ब्रुसेलाची शंका आधीच सांगावी लागते. एक तर त्या दृष्टीनं तपासणी होते. शिवाय हा जंतू लॅबमध्ये काम करणाऱ्यांनाच लागू शकतो, त्यांना काळजी घेता आली पाहिजे.

सुईची भीती अगदी स्वाभाविक आहे. पण मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. आबांचं दुखणं चौथ्या-पाचव्या मणक्यात आहे, म्हणजे त्याच्या खाली. तिथे नसा असतात, पण जागा बधिर करून, सीटी स्कॅनच्या चित्रावर सुईचं टोक कुठे आहे ते बघत-बघत हे काम केलं जातं. धोका शून्य नाही, कमी आहे. उपचाराविना वाढत जाणाऱ्या इन्फेक्शननं पाय जाण्याचा धोका त्याहून कितीतरी खरा आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, तर ती आधी सांगा. त्या दिवशी उपाशी राहायचं असेल तर सकाळच्या शुगरच्या गोळ्यांचं काय करायचं, तेही विचारून घ्या.

यात तुमच्या हातात असलेली एक गोष्ट आहे आणि ती फार महत्त्वाची आहे. आपल्याकडे तुकड्याची बाटली बरेचदा नातेवाईकांच्या हातात देऊन लॅबमध्ये पाठवतात. बाटल्या दोन तऱ्हेच्या लागतात. एक फॉर्मलिनची, त्यातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दुसरी निर्जंतुक, साध्या सलाईनची. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, आणि टीबीची सीबीनॅट तपासणी हिच्यातून होते. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात. सगळा तुकडा चुकून फॉर्मलिनमध्ये गेला तर त्यातून कल्चर होऊच शकत नाही आणि आबांना पुन्हा सुई टोचायची वेळ येते. म्हणून सुई होण्याआधीच तिथल्या सिस्टरना विचारा: "कल्चरची बाटली वेगळी आहे ना?" हातात बाटली मिळाली की तिच्यावर नाव आणि तपासणी लिहिलीय का बघा आणि ती घरी न नेता थेट लॅबमध्ये पोचवा. सीबीनॅटचं उत्तर लवकर मिळतं, टीबीच्या कल्चरला मात्र सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. एखाद्या वेळी पहिल्या सुईत काहीच हाती लागत नाही आणि ती पुन्हा करावी लागते. तसं झालं तर धीर सोडू नका.

दरम्यान फाइल नीट लावा. कोणतं औषध कोणत्या तारखेला सुरू झालं, कधी बंद झालं, हे एका कागदावर लिहा. गावातल्या डॉक्टरांना फोन करून पहिल्या इंजेक्शनचं नाव विचारा. औषध दुकानातून घेतलं असेल तर तिथेही नोंद सापडू शकेल. २०१४ पासून मेरोपेनेम, सेफ्ट्रिॲक्झोनसारखी औषधं विकताना दुकानदाराला रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. एमआरआयची नुसती चिठ्ठी नको, सीडी किंवा फिल्म घ्या. घरात किंवा भावकीत कुणाला टीबी झाला होता का, आबा धारोष्ण दूध पितात का, पायाला भेगा किंवा जखम आहे का, पूर्वी कोणत्या औषधानं अंगावर पित्त उठलं होतं का, हे सगळं त्यात लिहा. आणि कुणी कितीही आग्रह केला तरी कंबर चोळून, मोडून घेऊ नका, ताकदीचं म्हणून कसलंही इंजेक्शन घेऊ नका. त्यात स्टेरॉइड असेल तर इन्फेक्शन आणि शुगर दोन्ही भडकतात.

रिपोर्ट आल्यावर या डॉक्टरांचं काम संपत नाही, खरं तर तिथून ते सुरू होतं. समजा रिफाम्पिसिन द्यावं लागलं. ते शुगरच्या काही गोळ्यांचा परिणाम कमी करतं. आबांची शुगर अचानक वाढेल आणि तुम्ही त्यांच्या खाण्याला दोष देत बसाल. लघवी नारिंगी होईल आणि घरात घबराट होईल. समजा ब्रुसेलासाठी डॉक्सीसायक्लिन दिलं. ते दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतलं तर नीट शोषलं जात नाही. भरपूर पाण्याबरोबर, बसूनच घ्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिनसारख्या इंजेक्शनांत किडनी आणि कानांवर लक्ष ठेवावं लागतं. लिनेझोलिड दोन आठवड्यांच्या पुढे गेलं तर प्लेटलेट तपासत राहावं लागतं. म्हणून दर काही दिवसांनी रक्त तपासायला सांगतील, त्याला नुसत्या तपासण्या समजू नका. महिन्याभरात पुन्हा एमआरआय काढला आणि चित्र आधीपेक्षा वाईट दिसलं, तरी घाबरू नका. मणक्याचं चित्र माणसाच्या मागून सुधारतं. दुखणं कमी होतंय का, ताप गेला का, रक्तातला सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारा आकडा) उतरतोय का, याला जास्त महत्त्व आहे.

आता ताट-तांब्याचं. आबांचं इन्फेक्शन मणक्यात आहे. ब्रुसेला सहसा माणसाकडून माणसाला लागत नाही. मणक्याचा टीबी असला तरी तो जेवणातून, भांड्यांतून, मांडीवर बसण्यातून पसरत नाही. टीबी हवेतून पसरतो तो छातीचा, म्हणून छातीचा एक्स-रे काढला नसेल तर काढून घ्या. तो स्वच्छ असेल आणि खोकला नसेल, तर नातवंडांना खुशाल आजोबांजवळ बसू द्या. आजारी माणसाचं ताट वेगळं काढलं की तो निम्मा तिथेच खचतो. जाऊबाईंना हे माझं नाव सांगून वाचून दाखवा.

मामांचा मुंबईचा आग्रह काळजीपोटी आहे, पण आत्ता मुंबई गाठून निदान काही लवकर होणार नाही. तिथेही पहिलं काम हेच होईल: औषध थांबवा, सुई करा. फक्त प्रवासाचे हाल आणि आठवडाभराचा उशीर वाढेल. मिरजेला शंभर वर्षांहून जास्त काळ लांबलांबून, कर्नाटकातूनही रुग्ण येताहेत. इथे हाडाचे, मेंदूचे, रेडिओलॉजीचे चांगले डॉक्टर आहेत, १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. संसर्गरोगतज्ज्ञ मात्र देशातच कमी आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. सुदैवानं त्यांचं बरंचसं काम रिपोर्ट वाचणं आणि इतर डॉक्टरांशी बोलणं हे असतं. आबा सांगली-मिरजेतच ॲडमिट राहून त्या मॅडमशी पुढच्या भेटी व्हिडिओवर करता येतील का, ते हाडाच्या डॉक्टरांना विचारा. मणक्यात पू साठला, हाड ढासळलं किंवा इथे निदानच लागलं नाही, तर मोठ्या ठिकाणी जायचा विचार त्या दोघांच्या सल्ल्यानं करा.

पैशांबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला अंदाज आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात. आबांचा उपचार त्यात बसतो का, हे योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड, आधार कार्ड दाखवून ॲडमिट होतानाच विचारा, बिल झाल्यावर नको. टीबी निघाला तर औषधं सरकारी दवाखान्यातून मोफत मिळतात आणि पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यावर येतात. तज्ज्ञांची फी हा वेगळा खर्च खराच. पण दहा दिवसांच्या मेरोपेनेमच्या बिलाशेजारी ती ठेवून बघा.

गोठ्याकडेही बघायला हवं, आणि ते तुमच्यासाठी सांगतेय. धारा तुम्ही काढता का? त्या दिवशी वारेला, गर्भाला आणखी कुणी हात लावला होता का? त्यांच्यापैकी कुणाला रेंगाळणारा ताप, सांधेदुखी असेल तर त्यांनीही तपासून घ्यावं. घरात कुणी गरोदर असेल तर तिच्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. दूध उकळी येईपर्यंत तापवूनच प्या, आबांनाही धारोष्ण देऊ नका. गुरांच्या डॉक्टरांना बोलावून त्या गाईचं रक्त तपासून घ्या. पुन्हा कुठली गाय-म्हैस गाभडली तर हातमोजे घालूनच हात लावायचा, गर्भ आणि वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायची, कुत्र्यांच्या तोंडी लागू द्यायची नाही. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस देतात, आयुष्यात एकदाच. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती आहे, पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा.

सुईची तारीख मिळेपर्यंत रोज सकाळी आबांना दोन्ही पाय एकेक करून उचलायला सांगा. पाय जड पडू लागले, पावलाची पकड गेली, मांडीच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, ते असंबद्ध बोलू लागले, थंडी भरून अंग गार पडलं, यातलं काहीही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. त्याच रात्री एमआरआयची फिल्म घेऊन मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत जा, दारातच सांगा, "मणक्यात इन्फेक्शन आहे आणि आजपासून हे नवीन सुरू झालंय," आणि वाटेतूनच मॅडमना फोन करा. अशा वेळी सुईसाठी थांबायचं नसतं. रक्त काढून लगेच अँटिबायोटिक सुरू करतात आणि गरज पडली तर ऑपरेशनही त्याच रात्री करतात.